सायक्लोक्रॉसच्या पहिल्या शर्यतीत उतरताना: कोणते काम कधी करायचे

सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल, वाळू आणि अडथळे असलेल्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारण्याची सायकल शर्यत; काही ठिकाणी उतरून सायकल उचलून धावावे लागते. स्थानिक हौशी सायक्लोक्रॉसमध्ये नव्याने उतरणारे बहुतेक जण दमसासात कमी नसतात. रस्त्यावर दोन-तीन तास सहज सायकल चालवणारी माणसे असतात ती. तरी पहिल्याच फेरीत मागे पडतात, आणि कारण बहुधा पायांत नसते. टायर घरूनच कडक भरून आणलेले असतात. मार्ग एकदाही पाहिलेला नसतो. नंबर चुकीच्या बाजूला लावलाय हे स्टार्ट लाइनवर कळते. आणि अडथळा म्हणून आडव्या लावलेल्या फळ्या समोर आल्यावर उतरायचे कसे, याचा विचार सुरू होतो. यातले एकही काम अवघड नाही, पण प्रत्येकाची ठरलेली वेळ आहे. ती हुकली की ते काम शर्यतीत करता येत नाही. म्हणून पुढे सगळे कामांच्या क्रमाने लिहिले आहे.

## १. आधी नियम वाचा, मग नोंदणी करा

सायक्लोक्रॉस अंतरावर नाही, वेळेवर चालते. नवोदितांच्या गटाला साधारण ३० ते ४५ मिनिटे असतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांत एक फेरी २.५ ते ३.५ किलोमीटरची असते. स्थानिक शर्यतीत ती याहून छोटीही असू शकते. एकूण फेऱ्या किती हे आघाडीच्या स्पर्धकाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांच्या वेळेवरून पंच ठरवतात आणि मग शेवटच्या रेषेपाशी उरलेल्या फेऱ्यांचा आकडा लावतात. आघाडीचा स्पर्धक शर्यत पूर्ण करतो, त्यानंतर जो जो रेषा ओलांडेल त्याची शर्यत तिथेच संपते, मग त्याच्या फेऱ्या कमी का भरेनात.

हे नीट न समजल्यामुळे दोन चुका होतात. आघाडीच्या स्पर्धकाने एका फेरीने गाठले की काही जण आपणहून बाहेर पडतात. काही जण शर्यत संपल्यावरही आणखी एक फेरी मारायला निघतात. वरच्या पातळीवर, आघाडीवाल्याच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्के इतके मागे पडलेल्यांना थांबवले जाते. हौशी गटांत बहुतेक ठिकाणी मागे पडलेल्यांना शेवटपर्यंत चालवू देतात. तुमच्या शर्यतीत काय आहे ते नियमपत्रकात पाहा.

आणखी चार गोष्टी नोंदणीआधीच पाहून घ्या. पहिली, टायरची रुंदी: यूसीआयची मर्यादा ३३ मिलिमीटर आहे, पण स्थानिक नवोदित गटांत ती बहुधा लागू करत नाहीत. दुसरी, माउंटन बाइक चालते का. चालत असेल तर हँडलच्या टोकांना लावलेली शिंगे बहुतेक ठिकाणी काढावी लागतात. तिसरी, परवाना लागतो की एका दिवसाचा परवाना तिथेच मिळतो. चौथी, स्टार्टला रांगा कशा लावतात. काही ठिकाणी नोंदणीच्या क्रमाने उभे करतात. असे असेल तर लवकर नोंदणी केल्याने पुढची रांग मिळते. ती जागा नंतर पायांच्या जोरावर मिळवायला फार महाग पडते.

तपासा: तुमचा गट, सुरू होण्याची वेळ आणि मार्ग सरावासाठी कधी खुला आहे, हे तिन्ही कागदावर लिहून ठेवले का? तिसरी गोष्ट लोक सर्वांत जास्त विसरतात.

## २. सायकल तीन आठवडे आधी तयार करा

सायक्लोक्रॉसचीच सायकल हवी असे नाही. ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची) किंवा हलकी माउंटन बाइक पहिल्या शर्यतीला पुरते. मात्र बदल करायचे ते तीन आठवडे आधी, म्हणजे त्यांची सवय व्हायला वेळ मिळतो.

बाटलीचे स्टँड, पंप, सीटखालची पिशवी, दिवे, घंटा हे सगळे काढा. अर्ध्या-पाऊण तासाच्या शर्यतीत पाण्याची बाटली लागत नाही, आणि खांद्यावर सायकल घेताना तिचे स्टँड हाताला आडवे येते.

टायरची एकच जोडी घेणार असाल तर मधल्या खाचांची घ्या: मध्ये बारीक आणि कडेला ठळक दाणे असलेली. निव्वळ चिखलाचे टायर कोरड्या गवतावर जड जातात आणि गुळगुळीत टायर पहिल्याच पावसात हात टेकतात. ट्यूबलेस बसवता आले तर बसवा. ट्यूब असेल तर हवा फार कमी करता येत नाही, कारण मुळावर किंवा दगडावर रिम आदळली की ट्यूब दोन ठिकाणी चिमटली जाते. सायक्लोक्रॉसमधली सगळी पकड कमी हवेतूनच येते.

गिअरमध्ये एकच बघा: सर्वांत हलक्या गिअरला पुढचे आणि मागचे दाते जवळपास सारखे आहेत का. नसतील तर चिखलातल्या चढावर, जिथे बाकीचे बसून जातील, तिथे तुम्हाला उतरावे लागेल.

पायडल माउंटन बाइकची, दोन्ही बाजूंनी बूट अडकणारी हवीत. रस्त्याच्या सायकलची पायडल चिखलात बंद पडतात आणि त्या बुटांनी पळता येत नाही. बुटांच्या पुढच्या टोकाला खिळे बसवायची सोय असेल तर ओल्या चढांसाठी ते जरूर बसवा. बूट अडकवून चालवण्याची सवयच नसेल तर साधी सपाट पायडल ठेवा. अडकलेल्या पायाने फळ्यांपाशी पडण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

ब्रेकबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सायकलवरून उतरताना उजवा हात आडव्या दांड्यावर जातो, म्हणजे त्या क्षणी ब्रेक फक्त डाव्या हातात असतो. डावा ब्रेक मागच्या चाकाचा असेल तर वेग हळूहळू उतरतो. तो पुढच्या चाकाचा असेल आणि तुम्ही घाबरून दाबला तर मागचे चाक उचलले जाते. तुमच्या सायकलवर कोणता ब्रेक कोणत्या हाताला आहे हे माहीत करून घ्या आणि त्या हिशेबाने सराव करा.

सावधान: शर्यतीच्या आठवड्यात नवी चेन, नवे टायर, नव्या क्लीट (बुटाच्या तळाची, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) बसवू नका. बसवायचेच असेल तर त्यावर किमान दोनदा खडबडीत जागी चालवून बघा.

## ३. उतरणे, उचलणे, पुन्हा बसणे

हा भाग बहुतेक जण गाळतात. सगळा सराव वेग आणि दम वाढवण्यात जातो आणि ही तीन कामे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा होतात. मोकळ्या गवतावर आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे द्या, तीन आठवडे. आधी चालण्याच्या वेगाने, मग धावण्याच्या. वेग वाढवायची घाई करू नका. हळू करताना जी हालचाल अडखळते ती वेगात हमखास पाडते.

उतरणे. नेहमी डाव्या बाजूला उतरायचे, कारण चेन आणि दाते उजवीकडे असतात. अडथळ्याच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करा आणि हलका गिअर आधीच टाकून ठेवा; उतरल्यावर तो बदलता येत नाही आणि पुन्हा बसल्यावर जड गिअर फिरत नाही. उजवा पाय पायडलमधून सोडवा आणि सीटवरून मागून फिरवून डावीकडे आणा. आता तुम्ही एकट्या डाव्या पायडलवर उभे आहात. उजवा हात आडव्या दांड्यावर ठेवा आणि थोडा भार त्यावर घ्या. डाव्या पायाची टाच बाहेर वळवून तो सोडवा, उजवा पाय जमिनीवर टेकवा, डाव्याने पुढचे पाऊल टाका. थांबायचे नाही, चालत किंवा धावत राहायचे.

उजवा पाय डाव्या पायाच्या मागे ठेवायचा की डावा पाय आणि सायकल यांच्या मधून पुढे काढायचा, असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याने पावलांची लय अधिक चांगली राहते, पण डावा पाय पायडलमध्ये अडकून राहिला तर तोल थेट जातो. पहिल्या हंगामात मागेच ठेवा.

उचलणे. फळ्यांसाठी सायकल खांद्यावर घ्यायची नसते. यूसीआयच्या नियमात फळी जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर उंच असते आणि दोन फळ्यांमध्ये ४ मीटर अंतर असते. एवढ्यासाठी उजव्या हाताने आडवा दांडा धरून, पेटी उचलावी तशी सायकल सरळ वर घ्यायची. डावा हात हँडलवर, म्हणजे पुढचे चाक वळत नाही. फळी ओलांडली की सायकल हलकेच टेकवा. वरून सोडून दिली की चेन उडते, आणि पहिल्या शर्यतीतल्या निम्म्या चेन इथेच उडतात, असे इतक्या हंगामांनंतर मला वाटते.

खांद्यावर घ्यायची ती लांब चढणीला, पायऱ्यांना किंवा चाके फिरणारच नाहीत अशा चिखलात. दोन्ही चाके उचलली गेली की उजवा हात सांगाड्याच्या त्रिकोणातून पुढे घाला, आडवा दांडा खांद्यावर येऊ द्या आणि तोच हात पुढच्या नळीखालून वळवून हँडलची डावी बाजू धरा. हँडल असे धरले नाही तर ते चढताना मागे वळून डोक्याला लागते. डावा हात मोकळा राहतो, त्याने तोल सांभाळा. चढावर पावले छोटी टाका.

पुन्हा बसणे. आपल्याकडे डावा पाय पायडलवर ठेवून टांग मारण्याची सवय अनेकांच्या अंगात भिनलेली असते. इथे ती सोडावी लागते, कारण त्यात सायकलचा वेग मरतो आणि चिखलाने भरलेले पायडल पायाखालून फिरते. दोन्ही हात हँडलवर, सायकलच्या बाजूने धावता धावता डाव्या पायाने जमिनीला रेटा द्या, उजवी मांडी सीटवर आतल्या बाजूने टेकवा आणि त्यावरून घसरत मध्ये या. उंच उडी नको. उडी पुढे जाते, वर नाही. बसण्याआधी एक अर्धवट पाऊल अडखळून घेतले जाते, ती सवय पहिल्या आठवड्यातच मोडा; पुढे ती जात नाही.

तपासा: सलग दहा वेळा, न थांबता, उतरून फळीएवढा ओंडका ओलांडून परत बसता येते का? पायडल शोधायला खाली न बघता?

## ४. आदला दिवस

अर्धा-पाऊण तास आरामात चालवा, मध्ये तीन-चार छोटे जोर द्या. सायकल पुसा, चेनला तेल द्या आणि जादाचे तेल पुसून काढा. मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्याला लटकतो तो तुकडा, वाकलेला नाही ना, बुटांचे खिळे घट्ट आहेत ना, हे पाहा.

पिशवी आजच भरा. कपड्यांचे दोन पूर्ण संच, एक शर्यतीचा आणि एक नंतर घालायचा कोरडा. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण मार्ग पाहतानाच पहिली भिजते. सेफ्टी पिना, दाब दाखवणारा पंप, जादा ट्यूब, षट्कोनी पान्यांचा संच, चेनचे तेल, पाण्याचे कॅन, ब्रश, जुना टॉवेल आणि चिखलाचे बूट ठेवायला जाड पिशवी. शरदातल्या दिवसाचा भरवसा नसतो. सकाळी दव, दुपारी ऊन, संध्याकाळी गार वारा. म्हणून गरम जॅकेट हवामान काहीही सांगो, घ्याच.

## ५. शर्यतीची सकाळ: घड्याळाप्रमाणे

निदान दोन तास आधी पोहोचा. शेवटचे पोट भरून जेवण शर्यतीच्या तीन तास आधी झालेले असावे, आणि त्यात रोजचेच अन्न असावे. मैदानावर आल्यावर कामे या क्रमाने:

१. नंबर घ्या. त्याच वेळी विचारा: नंबर कोणत्या बाजूला लावायचा, मार्ग आता खुला आहे का, आमच्या गटाच्या रांगा किती वाजता लावणार.

२. नंबर जर्सीला लावा, आणि लावल्याशिवाय दुसरे काम सुरू करू नका. शेवटच्या रेषेवरचे पंच ज्या बाजूला बसतात त्या बाजूला तो दिसायला हवा. सायकलवर वाकल्यावर वाचता येतो का ते कोणाकडून तरी बघून घ्या. चार कोपऱ्यांना चार पिना पुरत नाहीत, वाऱ्यात कागद फुगतो, सहा-आठ लावा. नंबर चुरगाळू किंवा दुमडू नका, त्यावरून पंच दंडही करू शकतात.

३. मग मार्ग पाहायला निघा.

हा क्रम उलटा करणारे बरेच असतात. ते आधी मार्ग पाहायला जातात, भिजून परत येतात, नंबरासाठीच्या रांगेत गारठत उभे राहतात आणि गार पायांनी स्टार्टला पोहोचतात.

## ६. मार्ग तीनदा पाहा

पहिली फेरी अगदी हळू. अवघड जागी उतरा, पायी चाला, जमीन दाबून बघा. दुसरी मध्यम वेगाने, ठरवलेल्या वाटा चालवून बघण्यासाठी. तिसरीत पूर्ण फेरी जोरात मारायची नाही. तीन-चार कठीण तुकडेच शर्यतीच्या वेगाने करायचे. वेळ एकाच फेरीचा असेल तर ती पहिल्यासारखी हळू करा.

पहिल्या फेरीत काय बघायचे? स्टार्टनंतरचे पहिले वळण आणि मार्ग जिथे पहिल्यांदा अरुंद होतो ती जागा, कारण तिथेच कोंडी होणार. फळ्या कोणत्या वळणानंतर येतात. कोणता चढ बसून जातो आणि कोणता पायीच लवकर होतो; याचा निर्णय आत्ताच करा, शर्यतीत दमलेल्या डोक्याने करू नका. पिट, म्हणजे चाक किंवा सायकल बदलायची जागा, कुठे आहे. शेवटच्या वळणापासून रेषा किती लांब आहे.

पानगळीच्या दिवसांत एक वेगळा धोका असतो. पडलेला ओला पाचोळा झाडांची मुळे झाकतो. मूळ तिरपे आणि ओले असेल तर पुढचे चाक त्यावरून क्षणात सरकते. पाचोळ्याचा थर दिसला तर पायाने बाजूला करून खाली काय आहे ते बघा. झाडांच्या सावलीतली वळणे उन्हातल्या वळणांपेक्षा कितीतरी उशिरा वाळतात, हेही लक्षात ठेवा.

मातीही दिवसभर बदलते. पावसात पातळ झालेला चिखल टायरवरून निथळून जातो, तो वाटतो तितका वाईट नाही. तीच माती वाफशाकडे यायला लागली की चिकट होते, टायर आणि सांगाड्याच्या मध्ये गच्च भरते आणि चाक अडवते. तुमची शर्यत दुपारी असेल तर सकाळची मोकळी वाट तेव्हा नसेल. अशा वेळी कडेच्या गवतावरून जाता येईल का ते पाहून ठेवा. मार्गाच्या कडांना लावलेल्या दोन्ही फितींच्या मधली सगळी जागा तुमचीच आहे.

मार्ग पाहून झाला की तुमच्या आधीच्या गटाची शर्यत दहा मिनिटे बघा, आणि ती सर्वांत वाईट जागी उभे राहून बघा. कोण कुठून जाते, कोण पडते, कोण उतरून पुढे निघते, हे दिसते. मला स्वतःला याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच सरावाचा झाला नाही.

सावधान: दुसऱ्या गटाची शर्यत चालू असताना मार्गावर जायचे नाही. स्वयंसेवक हो म्हणेपर्यंत फितीबाहेर थांबा.

## ७. हवा आता ठरवा

टायरमधली हवा घरी ठरवायची गोष्ट नाही. ती मार्ग पाहताना ठरवायची. घरून थोडी जास्त भरून आणा आणि पहिल्या फेरीनंतर कमी करत जा. सुमारे ७० किलोच्या स्वाराने ३३ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरला २६ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि एका वेळी एक-दोन पीएसआय उतरवावे. ट्यूब असेल तर ३५ च्या आसपास सुरुवात करा आणि ३० च्या खाली सहसा जाऊ नका. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा एक-दोन जास्त. वजन जास्त असेल, मार्गावर दगड किंवा फरसबंदीच्या कडा असतील, तर वर राहा.

योग्य दाब कसा ओळखायचा? आडव्या उतारावर टायर जमिनीला धरून राहतो, पण वळणात तो रिमखाली मुडपत नाही. अख्ख्या फेरीत रिम कुठेतरी एखाद्या वेळी मुळाला टेकल्याचे जाणवले तर ट्यूबलेसला चालते, ट्यूबला चालत नाही. दर फेरीत तीन-चारदा आदळत असेल तर दोन पीएसआय वाढवा.

दाब मोजायचा तो एकाच पंपावर. दोन पंपांचे काटे सहज दोन-तीन पीएसआयचा फरक दाखवतात, आणि इथे दोन पीएसआय म्हणजे पकड असणे आणि नसणे. शिवाय गाडीच्या उबेत भरलेली हवा बाहेरच्या गारठ्यात दाब गमावते. म्हणून शेवटचे मोजमाप सायकल अर्धा तास बाहेर उभी राहिल्यावर घ्या.

## ८. अंग गरम करणे

वीस मिनिटे. पहिली दहा सावकाश, मग तीस-तीस सेकंदांचे तीन जोर, मध्ये भरपूर विश्रांती, शेवटी पाच मिनिटे हलके. सायक्लोक्रॉस पहिल्या सेकंदापासून पूर्ण जोरात सुरू होते. इथे शरीराला शर्यतीतच तयार होऊ देण्याची मुभा नाही. रांगा लावण्याच्या दहा मिनिटे आधी हे संपवा आणि जॅकेट शिट्टीच्या दोन-तीन मिनिटे आधीपर्यंत अंगावर ठेवा.

तपासा: बाटलीतले शेवटचे घोट घेतले? बुटांचे पट्टे घट्ट? ब्रेक दोन्ही? नंबर दिसतोय?

## ९. स्टार्ट

मधला गिअर: इतका जड की पायडलच्या पहिल्या दोन फेऱ्यांतच पाय रिकामे फिरू नयेत, इतका हलका की पहिला दाब देताच सायकल उसळावी. एक पाय पायडलमध्ये अडकवलेला, ते पायडल पुढे आणि थोडे वर. हात ब्रेकच्या हुडांवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर. नजर पुढच्या माणसाच्या मागच्या चाकावर नाही, त्याच्या खांद्यांपलीकडे.

शिट्टी झाल्यावर दुसरा पाय लगेच अडकला नाही तर खाली बघू नका. तसाच पायडलवर ठेवून दाब देत राहा, वेग आल्यावर तो बसतो. खाली बघणारा सरळ जात नाही, आणि त्या गर्दीत सरळ जाणे हीच सुरक्षितता आहे. तुमचे पुढचे चाक कोणाच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊ देऊ नका.

मागच्या रांगेत असाल तर पहिल्या वळणावर आतल्या बाजूला घुसू नका. सगळे तिथेच घुसतात आणि तिथेच थांबतात. बाहेरची वाट लांब असते, पण चालू असते.

## १०. पहिल्या फेरीपासून पुढे

पहिली फेरी जोरात जाणार, ते टाळता येत नाही. टाळायचे आहे ते दुसऱ्या फेरीतही तसेच जाणे. श्वास पूर्ण सुटला की आधी वळणे चुकतात, मग उतरणे चुकते, मग पडणे सुरू होते. दुसऱ्या फेरीत मुद्दाम थोडे मागे या, वळणे नीट घ्या आणि तिसरीपासून पुन्हा वाढवा.

कोंडी झाली आणि पुढचे चार जण चढावर थांबले तर त्यांच्यामागे पायडलवर तोल सांभाळत उभे राहू नका. लगेच उतरा, सायकल उचला, कडेने धावत पुढे जा. धावणे नियमातच आहे.

वळणे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात सोडलेला. बाहेरचे पायडल खाली, भार त्यावर. नजर वळण जिथे संपते तिथे.

आडवा उतार. वरच्या बाजूने शिरा, कारण प्रत्येक जण खाली घसरतोच. खालच्या बाजूचे पायडल खाली ठेवा, म्हणजे वरचे जमिनीला लागत नाही. ब्रेकला हात लावू नका. घसरायला लागले तर वरच्या बाजूचा पाय सोडवून जमिनीला टेकवा. पूर्णच निसरडे असेल तर उतरा आणि सायकलच्या वरच्या बाजूने धावा, इथे डाव्या बाजूचा नेम सोडावा लागला तरी हरकत नाही.

वाळू. वेगात शिरा, एक-दोन गिअर जड ठेवा, भार मागे, हँडल सैल. आधीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी धरा आणि तिच्यातून बाहेर यायचा प्रयत्न करू नका. हँडल घट्ट धरून पुढचे चाक सरळ ठेवू पाहणारा पाच मीटरमध्ये थांबतो. पायडल फिरणे मंदावले की पूर्ण थांबायची वाट न बघता उतरा.

चिखल. हलका गिअर, बसून, एकसारखा दाब. उभे राहिलात की मागचे चाक जागीच फिरते.

आघाडीचे स्पर्धक मागून आले तर ते ओरडून बाजू सांगतील. तुम्ही तुमची वाट सरळ धरून ठेवा. मदत करायच्या हेतूने अचानक बाजूला सरकणाऱ्याशीच त्यांची टक्कर होते. जागा करून द्यायची असेल तर हळूहळू, आणि वळणात नाही.

## ११. बिघाड झाला तर

चेन उडाली तर आधी मार्गाच्या कडेला या. पुढच्या दात्यांवर वरच्या बाजूने चेन लावा, मागचे चाक उचलून पायडल पुढे फिरवा. वीस सेकंदांचे काम आहे, घाबरून केले तर दोन मिनिटे लागतात.

पंक्चर झाले तर पुढच्या पिटपर्यंत धावत जा. चाक किंवा सायकल बदलणे पिटमध्येच चालते. मार्गावर उलट दिशेने कधीही जायचे नाही. पिटचा बाहेर पडण्याचा टप्पा ओलांडला असेल तर संपूर्ण पुढे जाऊन पुन्हा पिट येईपर्यंत धावावे लागते. दुसरी सायकल नसेल तरी चाकांची जादा जोडी शर्यतीआधी पिटमध्ये नेऊन ठेवा आणि तिच्यातली हवा तपासलेली असू द्या. डिस्क ब्रेक असतील तर त्या चाकांची डिस्क तुमच्या ब्रेकमध्ये न घासता फिरते का, हे घरीच बघा.

फितीबाहेर गेलात तर जिथून बाहेर पडलात तिथूनच आत या. फीत तोडून वळण कापले तर बाद करतात.

सावधान: पडल्यावर उठून लगेच निघू नका. हँडल सरळ आहे का, ब्रेक लागतोय का, डिरेलर चाकाच्या तारांत जात नाही ना, हे तीन क्षणांत पाहा. वाकलेला डिरेलर तारांत गेला की शर्यत तिथेच संपते. डोके आपटले असेल तर मात्र थांबा, शर्यत सोडा आणि वैद्यकीय मदत घ्या.

## १२. शेवटची फेरी

घंटा वाजली की एकच फेरी उरली. इथे नवे काही करून बघू नका. ज्या वाटांनी आतापर्यंत गेलात त्याच धरा. समोरच्याला गाठायचे असेल तर शेवटच्या अडथळ्याच्या आधी गाठा. त्यानंतरची सरळ रेषा बहुधा छोटी असते. रेषा ओलांडल्यावर थांबू नका, मागचे जोरात येत असतात. पुढे जाऊन मग मार्गाबाहेर पडा.

## १३. संपल्यावर

आधी कपडे बदला. घाम आणि चिखलाने भिजलेले कपडे शरदाच्या वाऱ्यात पाच मिनिटांत अंग गारठवतात, आणि गप्पांमध्ये ती पाच मिनिटे सहज जातात. कोरडे घातले की मग खा-प्या.

सायकल त्याच दिवशी धुवा, चिखल वाळण्याआधी. पाण्याची जोरदार धार बेअरिंगवर मारू नका: चाकांचे हब, दोन पायडलांमधला आस, हँडलखालची नळी. धार तिथे शिरली की ग्रीस निघून जाते आणि महिनाभरात करकर सुरू होते. ब्रशने घासा, पुसा, चेन कोरडी करून तेल द्या, सीटची नळी काढून आत साचलेले पाणी निथळू द्या.

त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: जमीन कशी होती, पुढच्या-मागच्या चाकात हवा किती होती, कुठे पडलात, कुठे पुढे गेलात. दाबाचा आकडा तर लिहाच, पुढच्या वेळी तशीच जमीन मिळाली की तिथूनच सुरुवात करता येते.

आणि ब्रेकचे पॅड काढून बघा. वाळूमिश्रित चिखलातली एक शर्यत नवे पॅड पत्र्यापर्यंत झिजवू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.